तालुक्याच्या गावात एक गुंठ्यावर कायदेशीर घर बांधणं इतकं अवघड का?

तासगाव, बार्शी, चाळीसगाव, वैजापूर, कुठलंही नगरपालिकेचं गाव घ्या आणि गावाबाहेर जाणाऱ्या रस्त्याने थोडं पुढे जा. शेतात फक्कीने मारलेल्या रेषा दिसतील, कोपऱ्यांवर रोवलेले दगड, कडेला एक फ्लेक्स, त्यावर 'यलो झोनला लागून', 'सुलभ हप्ते', 'सातबाऱ्यावर नाव' वगैरे आणि खाली मोबाइल नंबर. घेणारे कोण तर एसटीतला कंडक्टर, पतसंस्थेतला क्लार्क, गॅरेजवाला, खेड्यातली शेतमजुरी सोडून गावात आलेलं कुटुंब. त्यांना बंगला नको असतो, दोन खोल्या, संडास-बाथरूम, आणि पुढे पोरगं कमवायला लागलं की वर माडी चढवायची, एवढाच हिशोब.

हे घर बेकायदेशीर ठरतं, आणि मग आपण म्हणतो लोकांना नियम पाळायला नकोत. पण नियम पाळून हेच घर त्याच पैशात होतं का, हे कुणी कागदावर मांडून बघत नाही. तेच जरा बघू. विषय किचकट आहे, नगररचना म्हटलं की निम्मी माणसं पान उलटतात, पण आकडे सातवी-आठवीच्या गणिताच्या वर नाहीत.

सुरुवातीला कोणते कायदे कुठे लागतात ते बघू. जमीन कशासाठी वापरायची हे ठरतं विकास आराखड्यात, म्हणजे डीपीत, आणि तो होतो 1966 च्या एमआरटीपी, म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक आणि नगररचना कायद्याखाली. त्यात राहण्याचा भाग पिवळा आणि शेतीचा हिरवा, म्हणून सगळे यलो झोन, ग्रीन झोन म्हणतात. घर कसं बांधायचं, किती मजले, किती जागा सोडायची, रस्ता किती रुंद, हे ठरतं यूडीसीपीआरमध्ये, म्हणजे एकत्रीकृत विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावलीत. ती डिसेंबर 2020 पासून मुंबई आणि काही ठरावीक भाग सोडले तर जवळपास सगळ्या महाराष्ट्राला लागू आहे, त्याआधी प्रत्येक ठिकाणची वेगवेगळी नियमावली होती आणि तो एक स्वतंत्र गोंधळ होता. तिसरा आहे तुकडेबंदी कायदा, 1947 चा, शेतजमिनीचे बारीक बारीक तुकडे पडू नयेत म्हणून केलेला. चौथी भानगड एनएची, म्हणजे बिगरशेती परवानगीची, पण ती आता पूर्वीइतकी राहिलेली नाही, डीपीत पिवळ्यात असलेल्या जमिनीला वेगळी एनए परवानगी काढावी लागत नाही, रूपांतरण कर आणि जमिनीचा प्रकार बघून काही नजराणा असेल तर तो भरायचा की झालं, आणि गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आतल्या जमिनीलाही महसूल कायद्यात अशीच सवलत दिलेली आहे.

आता गंमत बघा. यूडीसीपीआर उघडून बघितली तर छोट्या घराला ती अजिबात शत्रू नाहीये. 150 चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवर, म्हणजे साधारण दीड हजार फुटापर्यंत, तुम्ही आर्किटेक्टच्या किंवा लायसन्स असलेल्या इंजिनिअरच्या सहीने नकाशा दिला, फी भरली, की ती पावती हीच परवानगी. 300 चौरस मीटरपर्यंत दहा दिवसांत परवानगी. दोन्ही बाजूंना शेजाऱ्याची भिंत लागून असलेल्या रो-हाउसला नियमात जागा आहे. एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येतं तो आकडा, दाट वस्तीच्या बाहेर मूळ 1.1, म्हणजे एक गुंठ्यावर, 1089 चौरस फुटांवर, साधारण बाराशे फूट बांधकाम, गरीब माणसाला एवढं पुरून उरतं. म्हणजे कागदावर सगळं छान. मग अडतं कुठे?

अडतं प्लॉट तयार होण्याच्या आधी, लेआउटमध्ये, म्हणजे जमिनीत रस्ते आणि प्लॉट पाडायचा नकाशा मंजूर करून घेण्यात. पावतीवाली परवानगी कुणाला, तर ज्याच्याकडे आधीच कायदेशीर प्लॉट आहे त्याला, आणि कायदेशीर छोटा प्लॉट पाडणं हीच महाग गोष्ट आहे.

एक एकर घेऊ. 40 गुंठे, 43,560 चौरस फूट. समजा आकार अगदी चौकोनी आहे, 198 फूट बाय 220 फूट, आणि समोरून चांगला रस्ता जातो. (असा एकर कुणाला मिळाला तर कळवा, इकडे बांध सरळ असला तरी भावकी वाकडी असते, पण हिशोबाला धरू.) एक गुंठ्याचे, म्हणजे साधारण 33 बाय 33 चे प्लॉट पाडायचेत. मधून एकच रस्ता काढला तर दोन्हीकडे 84 फूट खोल पट्टे राहतात, त्यात एक गुंठ्याचा प्लॉट 13 फूट रुंद आणि 84 फूट लांब होतो, बोळच तो, घर कसलं. म्हणून दोन रस्ते काढावे लागतात. अंतर्गत रस्ता साधारणपणे 9 मीटरचा धरा, म्हणजे साडेएकोणतीस फूट. दोन रस्त्यांत 59 फूट गेले, 220 ने गुणलं की जवळपास 13,000 चौरस फूट, म्हणजे 30 टक्के जमीन रस्त्यात. 0.4 हेक्टर किंवा त्याहून मोठ्या लेआउटला 10 टक्के खुली जागा सोडावी लागते आणि एक एकर म्हणजे 4047 चौरस मीटर, बरोब्बर त्या रेषेच्या किंचित वर, म्हणून आणखी 4,356 फूट गेले. (39 गुंठ्यांना हा नियम लागत नाही, मग लोक काय करत असतील ते सांगायला नको.) उरले साधारण 26,200 फूट, म्हणजे 24 प्लॉट. चाळीस गुंठ्यांतून चोवीस.

फक्की मारणारा काय करतो? दहा-दहा फुटांच्या दोन गल्ल्या सोडतो, खुली जागा शून्य, आणि 35-36 प्लॉट पाडतो. एकराचा भाव समजा 60 लाख, तर त्याच्या प्लॉटला जमिनीचा खर्च पडला 1 लाख 67 हजार आणि लेआउटवाल्याला अडीच लाख. वर लेआउटवाल्याला खडीकरण, गटार, लाइटचे पोल, पाण्याची लाइन, मोजणी, फी, आणि मंजुरी येईपर्यंत अडकलेल्या पैशावरचं व्याज. शिवाय यलो झोनमधला एकर 60 लाखांना मिळतच नाही हो, तो भाव ग्रीनचा.

म्हणजे छोट्या प्लॉटला जास्त गल्ल्या लागतात, आणि गल्ल्या रुंद करायला लावल्या की सगळ्यात जास्त भुर्दंड छोट्या प्लॉटलाच. पाच-पाच गुंठ्यांचे प्लॉट पाडणाऱ्याला 84 फूट खोली चालते, तो एका रस्त्यात भागवतो. म्हणून गावोगाव कायदेशीर लेआउट दिसतात ते डॉक्टर, व्यापारी, मास्तर यांच्या कॉलन्यांचे, आणि कंडक्टर-क्लार्क ग्रीनमध्ये. हे कुणी ठरवून केलं असं मला वाटत नाही, पण नियमाचा परिणाम हाच.

रस्ता रुंद असावा यामागे कारण आहे आणि ते खरं आहे. सांगलीत शामरावनगर बघा, गुंठेवारीत, म्हणजे लेआउट मंजूर न करता गुंठा-गुंठा विकलेल्या जमिनीवर वाढलेला भाग, दर पावसाळ्यात पाणी साचतं, कारण काळी माती, सखल जमीन, पाणी जायला वाटच ठेवलेली नाही आणि घरं उभी राहिल्यावर गटार घालायला जागा नाही. आधी घरं आणि मग रस्ता या क्रमाने नगरपालिकेला नंतर दसपट खर्च येतो आणि तरी काम धड होत नाही. त्यामुळे 'सोडा सगळे नियम, घेऊ दे गुंठा' हे म्हणणं मला पटत नाही. पण दहा फूट आणि तीस फूट यांच्या मध्ये बरीच जागा आहे. तोंडाशी चांगला रस्ता आहे, गल्ली आखूड आहे, गल्लीत वीस-पंचवीस घरं आहेत, सगळ्यांकडे टू-व्हीलर, अशा ठिकाणी 6 मीटर, म्हणजे वीसेक फूट पुरतात, अँब्युलन्स जाते, टँकर जातो, गटारही बसतं. वरच्याच एकरात 6 मीटरच्या दोन गल्ल्या काढून आणि 10 टक्के खुली जागा तशीच ठेवून 28 प्लॉट होतात, जमिनीचा खर्च अडीच लाखावरून सव्वादोनच्याही खाली येतो. फार नाही, पण अडीच-तीन लाखांची उधार-उसनवारी करणाऱ्याला तीस-पस्तीस हजार म्हणजे दरवाजे-खिडक्यांचे पैसे. खुली जागा मात्र कमी करू नये, उलट ती नाल्याकडेच्या निरुपयोगी तिरक्या कोपऱ्यात ढकलायची पद्धत बंद करावी.

समास अंतराचंही तसंच, म्हणजे घर आणि प्लॉटच्या हद्दीमध्ये सोडायची जागा. 33 बाय 33 च्या प्लॉटवर समजा समोर 3 मीटर आणि बाकी तीन बाजूंना दीड-दीड मीटर सोडलं तर मध्ये उरतात साधारण 420 फूट, म्हणजे प्लॉटच्या चाळीस टक्क्यांहूनही कमी. एफएसआय आहे पण तळमजल्यावर ठेवायला जागा नाही, वर चढायचं तर जिना त्यातच. तेच रो-हाउस केलं की बाजूचं अंतर जातं आणि दीडशे-दोनशे फूट सहज वाढतात, एक भिंत दोघांत. आपल्याकडे गावठाणातली सगळी घरं पूर्वी अशीच होती, भिंतीला भिंत, मागे परसू, वाड्यात चार बिऱ्हाडं. पण रो-हाउस एकट्याने होत नाही, लेआउट मंजूर करतानाच तसे प्लॉट आखावे लागतात, आणि लेआउट करणारा म्हणतो गिऱ्हाइकाला सुटा बंगलाच हवा. काही अंशी खरंय ते. शेजाऱ्याशी सामायिक भिंत म्हटलं की आपल्या लोकांच्या पोटात गोळा येतो.

आता तुकडेबंदी. हा कायदा शेतीसाठी, उद्देश चांगला, अर्ध्या एकराची चार पोरांत वाटणी होऊन कुणालाच नांगर फिरवता येत नाही असं होऊ नये. त्यात प्रमाणभूत क्षेत्र ठरवलेलं असतं, 2023 पासून बहुतेक जिल्ह्यांत ते जिरायतीला 20 गुंठे आणि बागायतीला 10 गुंठे, त्याखालचा तुकडा विकता येत नाही. जुलै 2021 मध्ये नोंदणी विभागाने परिपत्रक काढून लेआउट मंजूर नसलेल्या एक-दोन-तीन गुंठ्यांच्या दस्तांची नोंदणी थांबवली, मे 2022 मध्ये हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाने ते परिपत्रक रद्द केलं, मधल्या काळात लोकांनी काय केलं तर नोटरी, साठेखत, कुलमुखत्यारपत्र, नाहीतर दहा जणांनी मिळून दहा गुंठे एकत्र घेतले, सातबाऱ्यावर दहा अनोळखी माणसं समाईक. हे दहा जण पुढे भांडले की काय होतं ते कोर्टात जाऊन बघा.

मग 2025 च्या जुलैत महसूल मंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी विधानसभेत शहरी भागात एक गुंठ्यापर्यंत तुकडेबंदी शिथिल करायची घोषणा केली आणि त्यानंतर कायद्यात बदल होऊन जुने व्यवहार नियमित करायची वाट मोकळी झाली. हे चांगलंच झालं. पण व्हॉट्सॲपवर जे फिरतंय की आता एक गुंठ्यावर बिनधास्त घर बांधा, ते साफ चुकीचं. तुकडेबंदीतून सुटका म्हणजे तुमचं नाव सातबाऱ्यावर रीतसर लागण्याचा प्रश्न सुटला. तुमच्या दारात मंजूर रस्ता आहे का, जमीन पिवळ्यात आहे का, बांधकामाची परवानगी मिळेल का, हे प्रश्न नगररचनेचे, ते होते तिथेच आहेत.

दर काही वर्षांनी माफी, हाच आपला खरा नियम झालाय. 2001 मध्ये गुंठेवारी कायदा आला, 1 जानेवारी 2001 पर्यंतची गुंठेवारी नियमित करायला. 2021 मध्ये त्याची तारीख 31 डिसेंबर 2020 केली. प्रशमन शुल्क, म्हणजे एक प्रकारचा दंड भरा, विकास शुल्क भरा, नियमित व्हा. घेणाऱ्यालाही हे माहीत असतं, विकणाऱ्यालाही, एजंट तर तोंडावर सांगतो, 'साहेब, होतंय नियमित, सगळ्यांचं होतंय.' आणि तो खोटं बोलत नसतो! फक्त मधली वीस वर्षं कुणी भोगायची, हे तो सांगत नाही. त्या वीस वर्षांत बँक होमलोन देत नाही, मग पतसंस्था किंवा सावकार. पंतप्रधान आवास योजनेत स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्याला शहरी भागात केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख असे अडीच लाख मिळतात, पण जागेचे कागद स्वच्छ लागतात, म्हणजे ज्याला सगळ्यात जास्त गरज तोच बाहेर. सरकारने अनुदान एका हाताने द्यायचं आणि ते घ्यायला लागणारा प्लॉट दुसऱ्या हाताने महाग करायचा. घरपट्टी मात्र नगरपालिका लावते, वर अनधिकृत म्हणून शास्ती.

आणि ग्रीन झोनमध्ये घर चालतच नाही असंही नाही बरं का, फार्महाऊस चालतं, 0.4 हेक्टर जमीन पाहिजे. एकरवाल्याला शनिवार-रविवारचं घर चालतं, गुंठेवाल्याला सातही दिवस राहायचं घर चालत नाही. शेती वाचवायची तर दोघांनाही तोच कायदा लावा ना.

अमेरिकेत या विषयावर बरंच रान उठलंय, ओरेगन राज्याने 2019 मध्ये कायदा करून 10,000 वर लोकवस्तीच्या शहरांना सांगितलं की जिथे एका कुटुंबाचं घर चालतं तिथे दोन कुटुंबांचं जोडघरही चाललं पाहिजे, 25,000 च्या वर असाल तर चार घरांपर्यंत आणि रो-हाउसही. तिकडचं दुखणं वेगळं, तिथे नियमात सरळ लिहिलेलं असायचं की या भागात एका प्लॉटवर एकच घर. आपल्याकडे असं कुणी लिहिलेलं नाही, चार बिऱ्हाडं ठेवा कोण विचारतो. त्यामुळे तिकडचा उपाय उचलून इथे चिकटवण्यात अर्थ नाही, आपली गाठ रस्त्याच्या रुंदीत आणि पिवळ्या रंगाच्या टंचाईत आहे.

ती टंचाई कशी होते? डीपी वीस वर्षांसाठी असतो, प्रत्यक्षात नवा यायला उशीर होतो, गाव तोवर पिवळ्याच्या बाहेर सांडलेलं असतं. आत जी पिवळी जमीन आहे ती मोजक्या घरांकडे, त्यांना घाई नाही, भाव वाढतोच आहे. एखाद्या तुकड्याचा रंग बदलायचा तर एमआरटीपीच्या कलम 37 खाली फेरबदल, नगरपालिकेचा ठराव, हरकती, मग फाइल मंत्रालयात. एवढा पाठपुरावा कुणाला जमतो हे सगळ्यांना माहीत आहे. क वर्गाच्या नगरपालिकेत, म्हणजे 25 ते 40 हजार वस्तीच्या गावात, लेआउटची फाइल तांत्रिक अभिप्रायाला जिल्ह्याच्या नगररचना कार्यालयात जाते आणि तिथे टेबलावर आधीच ढीग.

यूडीसीपीआरमध्ये मोठ्या लेआउटमध्ये 20 टक्के जागा गरिबांच्या घरांसाठी ठेवायचा नियम आहे, पण तो 10 लाख आणि त्यावरच्या वस्तीच्या महापालिकांना. छोट्या गावांना लागू करा अशी मागणी अधूनमधून होते. माझं मत विचाराल तर नको, 4000 चौरस मीटरची मर्यादा म्हटली की 3900 चे लेआउट पडतील.

त्यापेक्षा नगररचना योजना, टीपी स्कीम, हे मला जास्त कामाचं वाटतं. गावाच्या कडेची पन्नास-शंभर एकर जमीन एकत्र धरायची, सगळ्या मालकांकडून ठरावीक हिस्सा कापून त्यातून रस्ते, गटारं, बाग, शाळा काढायची आणि उरलेली जमीन सरळ आखलेल्या प्लॉटच्या रूपात त्याच मालकांना परत द्यायची. भूसंपादन नाही, मोबदल्याचे खटले कमी, रस्ता घरांच्या आधी. गुजरातेत शहरं वाढतात ती बरीचशी या पद्धतीने, आणि त्यांच्या कायद्यात योजनेतली 10 टक्क्यांपर्यंत जमीन दुर्बल घटकांच्या घरांना ठेवता येते. महाराष्ट्रात टीपी स्कीमचा कायदा 1915 पासून आहे, म्हणजे शंभर वर्षांपूर्वी आपण यात पुढे होतो! एमआरटीपीतही तरतूद आहे, पण पुण्याच्या आसपास वगैरे सोडलं तर छोट्या गावात कुणी हात लावत नाही, कारण चार वर्षं मालकांना समजावत बसायला नगरपालिकेकडे माणूस नाही.

आता यातलं कुणाच्या हातात काय आहे तेही सांगतो, कारण लोक चुकीच्या दारात जाऊन भांडतात. गल्लीची रुंदी, समास अंतर, खुली जागा हे यूडीसीपीआरमध्ये, म्हणजे राज्याच्या नगरविकास विभागाकडे, तुमचा नगरसेवक ते बदलू शकत नाही, तो फार तर ठराव करून पाठवू शकतो. पिवळं कुठे वाढवायचं, डीपी रस्ते कुठून न्यायचे, टीपी स्कीम करायची का, हे मात्र नगरपालिकेत सुरू होतं. प्रारूप डीपी प्रसिद्ध झाला की ठरावीक मुदतीत हरकती घेता येतात, सुनावणी होते. त्या सुनावणीला गेलात तर दिसेल, आलेले बहुतेक सगळे आपल्या जमिनीवरचं आरक्षण उठवा म्हणायला आलेले असतात, आणि गाव ज्या बाजूला खरंच वाढतंय त्या बाजूला पिवळं का नाही हे विचारणारा क्वचितच कुणी. विचारायचं असेल तर नुसतं 'गरिबांना घरं द्या' म्हणून चालत नाही, गट नंबर लिहून, तिथे आज किती घरं उभी आहेत ते लिहून, नकाशाची झेरॉक्स जोडून लेखी द्यावं लागतं आणि पोच घ्यावी लागते.

आणि सध्या जे एखादा गुंठा बघतायत त्यांनी फ्लेक्सवरच्या नंबरला फोन करायच्या आधी नगरपालिकेतून, किंवा हद्दीबाहेर असेल तर नगररचना कार्यालयातून, त्या गट नंबरचा झोन दाखला आणि भाग नकाशा काढावा, फी किरकोळ असते. 'यलो झोनला लागून' म्हणजे ग्रीन झोन.